बार्बराला बरं करू नका: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठीत गॉथमच्या, म्हणजे बॅटमॅनच्या शहराच्या, गोष्टी लिहिते. फॅनफिक म्हणा, चाहत्यानं लिहिलेली कथा म्हणा. बहुतेक गोष्टींत बार्बरा गॉर्डन असते आणि ती व्हीलचेअरवर असते. मीही व्हीलचेअर वापरते आणि ते लपवत नाही. त्यामुळे गोष्टीबद्दल जेवढे प्रश्न येतात, तेवढेच माझ्याबद्दल येतात. दर वेळी घाईत तोकडी उत्तरं जायला लागली, म्हणून एकदा निवांत बसून सगळी उत्तरं लिहून काढली आहेत.

बार्बरा म्हणजे बॅटगर्लच ना? मग व्हीलचेअर कुठून आली?

हो, तीच. कमिशनर गॉर्डनची मुलगी, दिवसा ग्रंथपाल, रात्री बॅटगर्ल. १९६७ पासून ती कॉमिक्समध्ये आहे. १९८८ साली 'द किलिंग जोक' आलं. त्यात दारावरची बेल वाजते, बार्बरा दार उघडते, समोर जोकर उभा असतो. गोळी मणक्यात लागते. जोकरला तिच्या बापाला वेड लावायचं असतं आणि त्यासाठी ती हाताशी सापडलेली वस्तू असते, एवढंच तिचं त्या कथेतलं काम. पुढे तिचं काय झालं, हे कथा विचारत नाही.

ते विचारलं जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या नवरा-बायकोनं. १९८९ साली 'सुसाइड स्क्वाड'च्या २३ व्या अंकात एक अनोळखी व्यक्ती कॉम्प्युटरवरून मदत करू लागते. नाव ओरॅकल. ही बार्बराच आहे, हे वाचकांना बऱ्याच नंतर कळलं. १९९६ मध्ये त्याच दोघांनी तिच्या पहिल्या वर्षाची गोष्ट लिहिली. त्यात तिचा संताप आहे, भीती आहे, आणि खुर्चीत बसून एस्क्रिमा या फिलिपिनो युद्धकलेतल्या काठ्या चालवायला शिकणं आहे. त्याच वर्षी 'बर्ड्स ऑफ प्रे' सुरू झालं. घड्याळाच्या मनोऱ्यात बसलेली ओरॅकल माहिती काढते, योजना आखते, आणि तिची साथीदार ब्लॅक कॅनरी मैदानात उतरते. पुढे तर बॅटमॅनपासून जस्टिस लीगपर्यंत सगळे अडले की तिलाच विचारायचे.

किम येल १९९७ मध्ये कॅन्सरनं गेली. तिनं एका फेकून दिलेल्या बाईला उचलून त्या जगातली सगळ्यात जाणती व्यक्ती केलं. मी लिहायला बसते तेव्हा मला तिची आठवण असते.

ती तुम्हाला एवढी जवळची का?

२००८ मध्ये मी एकोणीस वर्षांची होते. बाइकवर मागे बसले होते, बाइक घसरली, पाठीचा मणका गेला. हॉस्पिटलात चार महिने काढले. माझा मावसभाऊ माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी कॉमिक्स उचलून आणायचा, आत काय आहे न बघता. त्यातच 'बर्ड्स ऑफ प्रे'चा एक अंक आला.

तोवर माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीतली माणसं दोनच प्रकारची होती. एक सिनेमातली आई, जी शेवटच्या रिळात उभी राहते. दुसरी देवळाच्या पायरीवरची. आणि इथे एक लाल केसांची बाई चार स्क्रीनसमोर बसून लोकांना कामाला लावत होती. चुकत होती, चिडत होती, मैत्रिणीशी भांडत होती. तिला कुणी 'बिचारी' म्हणत नव्हतं. वॉर्डमध्ये दिवसभर मला तेच ऐकायला मिळायचं. त्या एका अंकाची पानं सुटी होईपर्यंत मी तो वाचला.

२०११ मध्ये ती पुन्हा चालायला लागली. चाहत्यांना आनंद व्हायला हवा होता, तुम्हाला वाईट का वाटलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

सप्टेंबर २०११ मध्ये डीसीनं, म्हणजे बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीनं, आपल्या सगळ्या मालिका नव्यानं सुरू केल्या. त्यात 'बॅटगर्ल'चा पहिला अंक आला आणि बार्बरा छपरांवरून उड्या मारत होती. स्पष्टीकरण एका शस्त्रक्रियेचं. ती मालिका गेल सिमोननं लिहिली, जिनं २००३ पासून कित्येक वर्षं ओरॅकल फार जिवापाड लिहिली होती. तिनं नव्या बार्बराच्या मनातली दहशतही दाखवली. लेखिकेवर माझा राग नाही.

पण तो दिवस सांगते. फिजिओच्या हॉलमध्ये मी दोन दांड्यांच्या मधे कॅलिपर लावून उभी होते. घामानं हात दांडीवरून सटकत होते. मैत्रिणीनं फोनवर मुखपृष्ठाचं चित्र पाठवलं. शेजारच्या पेशंटच्या काकूंनी डोकावून विचारलं, ही कोण गं? मी सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "बघ, ती उठली. तूही उठशील. मनात आणायला पाहिजे."

काकू मायेनंच बोलल्या. पण तीन वर्षं जी बाई मला सांगत होती की असंच जगता येतं, भरभरून जगता येतं, ती एका रात्रीत माझ्या विरुद्ध बाजूची साक्षीदार झाली. माझ्यासारख्या वाचकांकडे गॉथममध्ये दुसरं कुणी नव्हतं. बॅटगर्ल व्हायला कॅसँड्रा केन होती, स्टेफनी ब्राउन होती. ओरॅकल व्हायला बार्बराशिवाय कुणी नव्हतं.

नंतरच्या काळात ती ओरॅकल म्हणून पुन्हा आली, आणि २०२० मध्ये स्वतः अपंग असलेल्या मारिके निकॅम्प यांनी किशोरवयीन बार्बराची एक वेगळी गोष्ट लिहिली. तिथे बार्बरा व्हीलचेअरवर आहे आणि तशीच राहते. ती वाचताना मी रडले. या वेळी कारण वेगळं होतं.

पण त्या जगात मेलेल्याला उठवणारं लाझारस पिट नावाचं कुंड आहे, जादू आहे, मेलेली माणसं परत येतात. मग तिचा कणा बरा होऊ नये हे पटण्यासारखं आहे का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ब्रूस वेनची, म्हणजे खुद्द बॅटमॅनची, जोडही देता येते. १९९३ मध्ये बेन नावाच्या खलनायकानं बॅटमॅनची पाठ मोडली. पुढच्या वर्षी तो पुन्हा केप घालून फिरत होता. म्हणजे इलाज त्या जगात आधीपासून होता.

माझं म्हणणं असं की त्या जगाचे नियम कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. त्याच जगात ब्रूसच्या आईबापांना कुणी लाझारस पिटमध्ये बुडवत नाही, कारण ते परतले तर बॅटमॅनची गोष्टच संपते. तिथे कुणी तर्क मागत नाही. बार्बराची खुर्ची मात्र गोष्टीतली दुरुस्त करायची राहून गेलेली चूक वाटते. तुम्ही कथा लिहिताना हे स्वतःला विचारा: तिला उभं केल्यावर तुमच्या कथेत असं काय घडतं, जे ती बसलेली असताना घडूच शकत नव्हतं? बऱ्याचदा उत्तर येतं, "काही नाही, मला तिचं बघवत नव्हतं." मग तुमच्या बघण्यावर काम करा.

मी अपंग नाही. मी अपंग पात्र लिहिलं तर चालेल का?

चालेल. लिहा. ऑस्ट्रँडर आणि येल व्हीलचेअरवर नव्हते.

फक्त अपंगत्व येण्याचा क्षण आणि ते जाण्याचा क्षण, हे दोन सोडून मधलं लिहा. नवखे लेखक अपघात तीन पानं लिहितात, चमत्कार दोन पानं लिहितात आणि मधली दहा वर्षं एका ओळीत उरकतात. आम्ही त्या एका ओळीत राहतो.

मग व्हीलचेअर वापरणारं पात्र लिहिताना नेमकं काय चुकतं?

खुर्ची चुकते, इथपासून सुरुवात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलातली घडीची लोखंडी खुर्ची असते, १८-२० किलोची, मागे ढकलायला मुठी असलेली. रोज स्वतः चालवायची खुर्ची हलकी असते, मापानं बनवलेली असते, पाठ बुटकी असते म्हणजे खांदे मोकळे राहतात. माझ्या खुर्चीला मागे मुठीच नाहीत. मी त्या मुद्दाम नाकारल्या, कारण गर्दीत कुणीही न विचारता मला ढकलायला लागायचं. बार्बराला तिच्या परवानगीशिवाय ढकलणारा माणूस तुमच्या कथेत असेल, तर ती त्याला काय करेल याचा विचार करा. तिच्याकडे काठ्या आहेत.

नंतर शरीर. मणक्याला इजा झाली की प्रश्न फक्त न चालण्याचा नसतो. पायांना स्पर्श कळत नाही, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलावं लागतं, नाहीतर बेडसोर होतो आणि एक बेडसोर माणसाला महिनोन्महिने पालथं झोपवतो. गादी साधी नसते, तिची किंमत ऐकून लोक दचकतात. बहुतेकांना लघवीसाठी दर चार-सहा तासांनी कॅथेटर घालावा लागतो. पाय मधेच ताठ होतात, थरथरतात. माझा उजवा पाय लिफ्टच्या धक्क्यानं फूटरेस्टवरून उडतो आणि मी तो हातानं उचलून परत ठेवते, बोलणं न थांबवता. ही हालचाल दिवसात दहा वेळा होते. आजवर एकाही कथेत मी ती वाचलेली नाही.

हे सगळं प्रत्येक कथेत कोंबा असं मी म्हणत नाही. पण लिहिणाऱ्याला माहीत असलं की वाक्याचा तोल बदलतो. ओरॅकल अठरा तास सलग स्क्रीनसमोर बसली असं लिहिताना तुमचा हात थांबेल. मग तुम्ही लिहाल की मध्यरात्री कॅनरी कानात बोलत असताना ती दोन्ही हात टेकून उचलली गेली, श्वास सोडला, पुन्हा टेकली. हे लिहिलंत की वाचणाऱ्याला ती समोर बसलेली दिसेल.

आणि खांदे! खुर्ची चालवून चालवून आमचे खांदे झिजतात. बार्बराला दुखणं लिहायचं असेल तर पाठ सोडा, खांदा लिहा.

एक शब्दही कायमचा काढून टाका: 'व्हीलचेअरला खिळलेली'. मला खुर्चीनं खिळवलेलं नाही. खुर्ची नसती तर मी खाटेला खिळले असते.

डेअरडेव्हिल तर अंध असून सगळं 'बघतो'. तो अपंग पात्र धरायचा का?

१९६४ पासून यावर वाद आहे. मॅट मर्डॉकला, म्हणजे डेअरडेव्हिलला, रडारसारखी जाणीव आहे, पावलांच्या आवाजावरून तो माणूस ओळखतो, जुन्या अंकांत तर बोट फिरवून छापील शाई वाचतो. म्हणून अनेक अंध वाचक म्हणतात की त्याचं अंधत्व नावालाच आहे. एक उणं झालं की देव दुसरीकडे दुणं देतो, ही समजूत आपल्याकडेही पक्की आहे. माझ्या ओळखीच्या अंध मित्राला लोक अजूनही न चुकता विचारतात, "तुम्हाला गाता येत असेल ना?"

तरी मी त्याला अपंग पात्रच धरते. त्याला स्क्रीन दिसत नाही, फोटो दिसत नाही, रंग दिसत नाहीत. रडारनं जे मिळत नाही, तिथे लिहा. मॅट वकील आहे. कोर्टात समोरच्या पक्षानं एक छायाचित्र पुरावा म्हणून ठेवलं आहे आणि मॅटला कुणीतरी ते वर्णन करून सांगावं लागतं. त्याचा वकील मित्र फॉगी ते प्रामाणिकपणे सांगतो का? या एका प्रसंगावर अख्खी कथा उभी राहील.

यातली खरी घटना जास्त बोलकी आहे. १० एप्रिल २०१५ ला नेटफ्लिक्सवर 'डेअरडेव्हिल' मालिका आली. नायक अंध, आणि अंध प्रेक्षकांना ती पाहण्याची सोय नव्हती. पडद्यावर काय चाललंय हे बोलून सांगणारा ध्वनिपट नव्हता. अंध चाहत्यांनी आवाज उठवलाच होता. चार दिवसांत, १४ एप्रिलला नेटफ्लिक्सनं तो ध्वनिपट जाहीर केला आणि सुरुवात याच मालिकेपासून केली. चाहत्यांच्या ताकदीचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. तुम्ही चित्र काढत असाल तर सोबत दोन ओळींचं वर्णन लिहा. स्क्रीन रीडर ते मराठीतही वाचून दाखवतो.

कर्णबधिर पात्राचा खुणांच्या भाषेतला संवाद मराठीत कसा लिहायचा?

माझे कान शाबूत आहेत, त्यामुळे हे उत्तर मी दोन कर्णबधिर वाचकांना दाखवून मग लिहिलं आहे.

'हातवारे केले' असं लिहू नका. हातवारे सगळेच करतात. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, आणि ती जगभर एक नाही. मार्व्हल कॉमिक्समधली कर्णबधिर माया लोपेझ म्हणजे एको अमेरिकन खुणांची भाषा बोलते, आपल्याकडे भारतीय खुणांची भाषा वेगळी आहे. दिल्लीत २०१५ पासून तिच्या संशोधनाची स्वतंत्र सरकारी संस्था आहे, तिनं शब्दकोशही काढला आहे. तेव्हा मायाला नागपूरच्या शाळेत आणून बसवलंत तर तिला पहिल्या दिवशी काही कळणार नाही, आणि ते लिहायला मजा येईल.

संवाद नेहमीसारखा अवतरणात लिहा आणि शुद्ध, वाहत्या मराठीत लिहा. मोडकंतोडकं लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते पात्रच मोडकं वाटतं. 'ती म्हणाली' चालतं. ती खुणांनी म्हणाली, हे प्रसंगातून कळू दे: हातात चहाचे दोन कप आहेत म्हणून तिला उत्तर देता येत नाही, अंधार झाला म्हणून भांडण अर्धवट राहतं.

२०१४ मध्ये 'हॉकआय'चा १९ वा अंक आला. क्लिंट बार्टनचं, म्हणजे हॉकआयचं, ऐकू येणं गेलेलं, आणि समोरच्यांचे बोलण्याचे फुगे रिकामे. खुणांची चित्रं काढली आहेत आणि खाली भाषांतर नाही. ऐकू येणाऱ्या वाचकाला पहिल्यांदाच बाहेर उभं राहावं लागलं. एकोची भूमिका २०२१ पासून पडद्यावर अलाक्वा कॉक्स करते. ती स्वतः कर्णबधिर आहे आणि तिचा एक पाय कृत्रिम आहे, तो तिनं भूमिकेतही लपवलेला नाही.

कॉमिक्सच तर आहेत. एवढं काय मनावर घ्यायचं?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या चार वर्षांच्या एका मुलानं श्रवणयंत्र घालायला नकार दिला. सुपरहिरो कुठे असलं घालतात, असं त्याचं म्हणणं. आईनं हॉकआयची कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीला पत्र पाठवलं. त्यांनी हॉकआयनं श्रवणयंत्र वापरल्याची आठवण दिली आणि वर त्या मुलावरून 'ब्लू इअर' नावाचा नवा नायकच काढून पाठवला. मुलानं यंत्र घातलं. चार वर्षांच्या मुलानं मनावर घेतलं होतं, तर मी का घेऊ नये?

अपंग म्हणू, दिव्यांग म्हणू, की आणखी काही?

मी स्वतःला अपंग म्हणते. 'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवला, आता सरकारदरबारी तोच चालतो, २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभागही आहे. ज्यांना तो आवडतो त्यांना मी तोच शब्द वापरते. मला स्वतःला तो नकोसा होतो, कारण माझ्या अंगात दिव्य काही नाही. सरकारी इमारतीला रॅम्प नाही, त्या भानगडीत दैवी काय असणार?

पात्र कुणाचं, वेळ कोणती, बोलणारा कोण, यावर कथेतला शब्द ठरतो. जोकरच्या तोंडी घाणेरडा शब्द येईल, येऊ दे. निवेदकाच्या तोंडी येऊ देऊ नका. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका हिंदी चित्रपटाच्या खटल्यात याच धर्तीचा फरक केला: अपंग माणसाला हिणवणारा विनोद वेगळा, आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा तो निकाल लिहिणाऱ्या प्रत्येकानं वाचावा.

आपल्या भाषेतच हे किती मुरलंय, ते लिहायला लागल्यावर कळतं. लंगडी सबब. आंधळं प्रेम. बहिरं सरकार. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. एकनाथांच्या भारुडांत मुका येतो, बहिरा येतो, आणि तिथे ते कशाचं तरी रूपक असतात. भारुडं मला पाठ आहेत, ती मी सोडणार नाही. पण ज्या कथेत मॅट मर्डॉक आहे, तिच्यात मी कुणालाही 'आंधळा विश्वास' ठेवू देत नाही. 'डोळे झाकून' लिहिते. एवढ्यानं कुणाचं काही अडत नाही.

तुमच्या बार्बराला प्रियकर का असतो? ते खरं वाटत नाही.

मूळ कॉमिक्समध्ये डिक ग्रेसन (बॅटमॅनचा पहिला रॉबिन) आणि तिचं प्रेम ती व्हीलचेअरवर असतानाच फुलतं. तुम्हाला खरं का वाटत नाही, यावर एकदा शांतपणे विचार करा. मी ते प्रसंग लिहीत राहणार.

तुम्ही खऱ्या नावानं आणि सगळं सांगून का लिहिता?

पहिली चार वर्षं तशी लिहीत नव्हते. टोपणनाव होतं, चित्राच्या जागी घड्याळ होतं, आणि मी कोण, कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओरॅकलही तेच करायची. लोकांना स्क्रीनवर फक्त एक हिरवा मुखवटा दिसायचा. कॅनरीसुद्धा बराच काळ तिला आवाजानंच ओळखत होती. त्या मुखवट्यामागे काय सुख होतं, ते मला पुरेपूर माहीत आहे. कॉलेजनंतर पहिल्यांदाच लोक माझ्याशी फक्त माझ्या वाक्यांबद्दल बोलत होते.

मग नागपूरची एक मैत्रीण मुंबईला येणार होती. तीन वर्षं आम्ही रोज गप्पा मारायचो, एकमेकींचे कच्चे खर्डे वाचायचो. तिनं दादरचं एक हॉटेल सुचवलं आणि लिहिलं, "पहिल्या मजल्यावर आहे, चालेल ना?" मी फोन हातात धरून बसले. पोट दुखतंय लिहावं का? गावाला जायचंय लिहावं? शेवटी लिहिलं, "मला जिना चढता येत नाही. मी व्हीलचेअर वापरते. तुला आधी सांगितलं नाही."

टायपिंगचे तीन ठिपके आले, गेले, परत आले. मग तिचं उत्तर: "मग तळमजल्याचं शोधते. दार किती रुंद लागतं तुला?"

मी माप सांगितलं. ती त्या दिवशी लवकर येऊन टेप घेऊन दार मोजून उभी होती. त्याच आठवड्यात मी माझ्या पानावरचं घड्याळ काढलं, खुर्चीसकट फोटो लावला आणि खरं नाव लिहिलं.

मग फरक काय पडला?

लिखाण सुधारलं. आधी मी बार्बराच्या अंगावर स्वतःचं काही येऊ देत नसे, पकडले जाईन म्हणून. कॅथेटरबद्दल पहिलं वाक्य मी नाव उघड केल्यावर लिहिलं.

त्रासही झाला. कथेखाली कथेबद्दल एक शब्द न लिहिता 'तुमच्या जिद्दीला सलाम' लिहिणारे आले. जिद्दीबद्दल त्यांना काय माहीत? मी चांगला शेवट लिहिला होता, त्याबद्दल बोला. कुणी पुरावा मागितला, कुणी जडीबुटीवाल्या बाबाचा पत्ता दिला. काही पुरुषांना माझ्या खुर्चीत भलताच रस होता, त्यांना मी उत्तर न देता बंद केलं.

आई-बाबांना माहीत आहे?

बाबांना नीटसं कळत नाही, त्यांना 'ती बॅटमॅनची गोष्ट' एवढं ठाऊक आहे. आईनं एकदा सगळं वाचलं. रात्री जेवताना म्हणाली, "तू पाय उचलून ठेवतेस ते लिहिलंयस." मी म्हटलं, हो. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटायचं तुला आवडत नाही कुणी बघितलेलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे." पंधरा वर्षं ती दुसरीकडे बघत होती आणि मला वाटायचं तिला लाज वाटते. त्यावर आम्ही पुढे काही बोललो नाही. तिनं मला आणखी एक पोळी वाढली.

मीही उघडपणे सांगू का?

हे तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, मीही नाही. तुमचं अपंगत्व दिसत नसेल, घरात कुणाला माहीत नसेल, नोकरीवर बेतणार असेल, तर टोपणनाव ठेवा आणि बिनधास्त ठेवा. टोपणनावानं लिहिणारी माणसं खोटी नसतात. ओरॅकल खोटी नव्हती.

सांगायचं ठरवलंत, तर काही गोष्टी मी पोळल्यावर शिकले त्या घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) कुणी मागितलं तरी त्याचा फोटो टाकू नका. घरी एकट्या केव्हा असता, औषधं कोणती, रोज कुठल्या वाटेनं जाता, हे लिहू नका. आधी एका माणसाला सांगा आणि तो काय म्हणतो ते बघा. आणि एकदा सांगितलंत म्हणून प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. 'हे मी सांगत नाही' हे पूर्ण उत्तर आहे. मीही अपघाताच्या रात्रीबद्दल वर लिहिलं त्यापलीकडे काही सांगत नाही.

माझी कथा वाचून चुका सांगाल का?

वेळ असेल तर हो. पण मला फक्त मणक्याची इजा कळते. कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, मी त्यातल्या एकातली. सेरेब्रल पाल्सी, सिकलसेल, ऑटिझम, हे त्या त्या माणसांना विचारा, आणि त्यांचा वेळ घेतलात तर त्यांचं नाव कथेच्या वर लिहा, त्यांची हरकत नसेल तर.

पुढचा भाग कधी?

दिवाळीनंतर. मनोऱ्याची लिफ्ट बंद आहे, कॅनरी खाली अडकली आहे आणि बार्बराची खुर्ची एका बाजूला ओढते आहे. खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकांत केस गुंतत जातात, हे खुर्ची वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तिनं खुर्ची आडवी केली आहे, जमिनीवर बसली आहे, दातांत टॉर्च धरला आहे आणि नखं कापायच्या छोट्या कात्रीनं चाकातले स्वतःचे लाल केस कापून काढते आहे. कानात कॅनरी विचारते, "किती वेळ?" तिथपर्यंत लिहून झालं आहे.